मृतसाठ्यातले जीव

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत धरणांचा तक्ता रोज छापून येतो. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर. नावापुढे टक्केवारी. चारठाणा गावात, जिंतूर–मंठा रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात सकाळी पेपर उघडला की आधी येलदरीचा आकडा पाहिला जातो. तो शून्यावर आला की कुणीतरी म्हणतंच, "गेलं धरण मृतसाठ्यात." त्यापुढे बोलायचं काही उरत नाही, असा त्या वाक्याचा सूर असतो.

हा लेख त्या शून्याच्या खालच्या पाण्याबद्दल आहे.

येलदरी धरण पूर्णा नदीवर, आपल्याच जिंतूर तालुक्यात आहे. ते १९६८ मध्ये पूर्ण झालं. जलाशयात एकूण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ ८१० दशलक्ष घनमीटर पाणी कालव्यात आणि नळात सोडता येतं, म्हणून त्याला उपयुक्त साठा म्हणतात. उरलेलं सव्वाशेच्या आसपास. धरणातून पाणी बाहेर काढण्याचं सगळ्यात खालचं दार जिथं बसवलंय, त्याच्याही खालचं हे पाणी. आपोआप बाहेर येत नाही म्हणून त्याचं नाव मृतसाठा. अभियंत्याच्या हिशेबात हे नाव बरोबरच आहे. पण मे महिन्यात त्या जलाशयातले सगळे मासे, गोगलगायी, शिंपले, कोळंबी, कीटकांच्या अळ्या नेमक्या त्याच पाण्यात गोळा झालेल्या असतात. पुढच्या पावसाळ्याचं बियाणं म्हणजे तेच. ते टिकलं तर जुलैत धरण जिवंत पाण्याचं होतं. नाही टिकलं तर नुसतं पाणी भरतं.

आता ते टिकलं की नाही, हे कळायचं कसं? काठावर उभं राहून पाण्यात काही दिसत नाही. इथं विद्यापीठांचं काम सुरू होतं. परभणी, हिंगोली, लातूर, नांदेड या जिल्ह्यांतली महाविद्यालयं १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली आहेत. त्याआधी ती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली होती. मत्स्यविज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय उदगीरला आहे. पण आपल्या भागातल्या जलाशयांचा बराचसा अभ्यास केलाय तो साध्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी, तुटपुंज्या साधनांवर. इसापूर धरणातल्या प्राणिप्लवकांवर पुल्ले आणि खान यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. परभणी जिल्ह्यातल्या जलाशयांत माशांचं उत्पादन किती निघू शकेल, यावर साखरे आणि जोशी यांनी त्याच सुमारास लिहिलं. मोठ्या शहरात या कामाचा गाजावाजा होत नाही. पण आकड्यांचा पाया हेच काम आहे आणि ते आपल्या पाण्याचं आहे.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते आता सावकाश पाहू.

अभ्यासक आधी जागा ठरवतो. एक भिंतीजवळची खोल जागा, एक मधली, आणि एक वरच्या अंगाला, जिथं नदी जलाशयात उतरते तिथली. एकदा ठरली की ती बदलायची नाही. दर महिन्याला, शक्यतो त्याच वेळी, त्याच जागी जायचं. निदान वर्षभर, खरं तर दोन वर्षं. महिन्याकाठचा एक फेरा चुकला की मालिकेत भोक पडतं आणि ते कशानंही बुजत नाही. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला त्यातली ही चिकाटीच सगळ्यात मोलाची वाटते.

पहिली नोंद पाणी किती स्वच्छ, याची. त्याला यंत्र लागत नाही. ताटलीएवढी, वीस सेंटिमीटर व्यासाची चकती घ्यायची. तिचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवायचे आणि मोजपट्टीच्या दोरीला बांधून ती पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसली की परत लिहायची, आणि दोन्हींची सरासरी काढायची. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये समुद्रात पांढरी चकती सोडून ही रीत घालून दिली, म्हणून तिला सेक्की चकती म्हणतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ही चकती वीतभर खाली गेली की गायब होते. काळी माती वाहून आलेली असते. पाण्यात ऊन जितकं खोल जातं, तितक्या खोलीपर्यंतच सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि सगळ्यांचं पोट शेवटी त्यांच्यावरच अवलंबून असतं.

दुसरी नोंद तापमानाची, पृष्ठभागाची आणि तळाची. तळाचं पाणी वर आणण्यासाठी दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी दोरीनं खाली सोडतात. ठरलेल्या खोलीवर पोचली की दोरीवरून एक पितळी वजन घरंगळत सोडायचं. ते जाऊन आदळलं की दोन्ही झाकणं बसतात आणि त्या खोलीचं पाणी आत कोंडलं जातं. वर येताना त्यात दुसरं पाणी मिसळत नाही.

आणि मग ऑक्सिजन. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मृतसाठ्याचा सगळा प्रश्न शेवटी याच बाटलीत उतरतो.

मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो, म्हणजे पाण्यात विरघळलेला. तो फार थोडा असतो. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. तीस अंशांना साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की कोठार लहान होतं, आणि नेमकी त्याच वेळी तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीराची गरज वाढते. रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर असलं की बरं असतं. तीनच्या खाली गेलं की ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मरळ आणि मागूर मात्र हवेतूनही श्वास घेऊ शकतात, म्हणून चिखलातही तग धरतात.

हे मोजण्याची जुनी आणि आजही भरवशाची रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ मधली. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली असते, तिला घासून बसवलेलं काचेचं बूच. नळी बाटलीच्या तळाला टेकवून पाणी हळूहळू भरायचं आणि दोन-तीन वेळा ओसंडू द्यायचं. एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यातल्या हवेत पाण्यापेक्षा कितीतरी पट ऑक्सिजन असतो आणि तो आकडा खोटा करतो. मग तिथंच, काठावर किंवा होडीत, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून आधी मँगेनस सल्फेट, मग अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. बूच लावून बाटली उलटसुलट करायची.

पुढचं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्वास रोखला गेला होता. स्वच्छ पाण्यात अचानक ढग उठतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो ढग तपकिरी होतो आणि पेजेतल्या कण्यांसारखा सावकाश तळाशी बसतो. ऑक्सिजन नसेल तर ढग पांढराच राहतो. बाटलीत पांढरा ढग पाहिला की समजायचं, त्या खोलीवर मासा जगू शकत नाही.

तपकिरी ढगात ऑक्सिजन जणू गाठ मारून ठेवलेला असतो, म्हणून बाटली मग प्रयोगशाळेत नेता येते. तिथं गंधकाम्ल घातलं की ढग विरघळतो, आणि जितका ऑक्सिजन होता तितक्या प्रमाणात आयोडीन मोकळं होऊन पाणी पिवळं होतं. त्यातलं दोनशे मिलिलिटर पाणी घेऊन त्यात ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडतात. पिवळेपणा फिका झाला की स्टार्चचे थेंब घालतात, पाणी गर्द निळं होतं. पुन्हा थेंब थेंब. आणि एका थेंबाला निळा रंग एकदम नाहीसा होतो. द्रावणाची तीव्रता अशी ठरवलेली असते की जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरमध्ये. विद्युत मीटर आता मिळतात, पण तो मीटर खरं सांगतोय का हे पडताळायला आजही हीच बाटली काढतात.

हे मोजायचं कधी, हेही महत्त्वाचं आहे. दुपारी पाण्यातल्या हिरव्या वनस्पती उन्हात ऑक्सिजन तयार करत असतात, तेव्हा आकडा छान येतो. रात्री त्याच वनस्पती माशांसारखाच ऑक्सिजन खातात. म्हणून सगळ्यात कठीण वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची. मे महिन्यातल्या पहाटेचा तळाचा आकडा ज्यानं घेतला नाही, त्याला जलाशयाची खरी प्रकृती कळलेली नाही, असं मी म्हणेन.

मृतसाठ्यात काय होतं ते आता नीट उलगडतं. पाणी आटतं तसा पसारा आक्रसतो, मासे दाट होतात. उथळ पाणी लवकर तापतं. वर्षानुवर्षं साचलेला गाळ तळाशी असतो, वाऱ्यानं तो ढवळला जातो आणि त्यातला कुजलेला पालापाचोळा ऑक्सिजन खाऊन टाकतो. शिवाय गाळानं मृतसाठ्याची जागा दरवर्षी थोडी थोडी खाल्लेली असते, त्यामुळे कागदावरचे सव्वाशे दशलक्ष घनमीटर प्रत्यक्षात तेवढे उरलेले नसतात. मग पहिला वळीव येतो, काठावरची घाण एकदम आत लोटतो, आभाळ दिवसभर झाकलेलं राहतं. सकाळी काठाला मेलेल्या माशांची ओळ लागते. लोकांना वाटतं कुणी विष टाकलं. कधी तेही असतं. पण पुष्कळदा फक्त ऑक्सिजन संपलेला असतो.

चारठाण्याच्या मुलांना हे शिकायला येलदरीपर्यंतही जायला नको. गावातल्या जुन्या मंदिरांजवळची बारव ही पाण्याचे थर समजून घ्यायची उत्तम जागा आहे. खोलगट, बांधीव, सावलीत. तिथं वारा पोचत नाही, म्हणून वरचं कोमट पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. तापमापी सुतळीला बांधून हात-हात खाली सोडली तरी थर हाताला लागतात. आणि याच काळ्या पाषाणाच्या प्रदेशात, मंठ्याच्या पुढे लोणारला, अगदी वेगळं पाणी आहे. ते इतकं क्षारयुक्त आणि अल्कधर्मी आहे की त्यात मासाच नाही. पण सूक्ष्मजीव इतके की २०२० च्या जूनमध्ये ते अख्खं सरोवर गुलाबी झालं होतं. रसायन बदललं की जीव बदलतो, हे एका दिवसाच्या एसटी प्रवासात दाखवता येतं.

पाण्यानंतर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. बारीक जाळीची शंकूसारखी पिशवी, टोकाला बाटली. त्यातून ठरावीक लिटर पाणी गाळलं की हवेत नुसती धूळ तरंगावी तसे जीव बाटलीत उतरतात. एक मिलिलिटर मावणाऱ्या चौकोनी काचेच्या कप्प्यात तो थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव मोजायचा. माशांच्या पिल्लांचं पहिलं अन्न हेच, म्हणून हे मोजणं टाळता येत नाही.

मासे मोजणं सगळ्यात अवघड. गावातली माणसं मोजल्यासारखी शिरगणती होत नाही. लहान तळं असेल तर एक सोपी युक्ती आहे. समजा दोनशे मासे पकडले, पराला खूण करून सोडून दिले. आठ दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं, तीनशे मिळाले, त्यात खुणेचे दहा निघाले. म्हणजे तिसांत एक खुणेचा. मग दोनशे खुणेचे ज्यात मिसळले आहेत ते एकूण मासे सहा हजारांच्या घरात. येलदरीसारख्या पाण्यात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथं अभ्यासक मच्छीमारांच्या काठावर जाऊन बसतो. किती तंगूस जाळी, किती आसाची (म्हणजे किती मोठ्या भोकांची), किती तास पाण्यात, त्यातून कुठली जात किती किलो. त्याच कष्टाला दरवर्षी कमी मासा मिळू लागला की पाण्यात काहीतरी बिघडलंय. इथं भोई मंडळींशिवाय विद्यापीठाचं पानही हलत नाही. कुठल्या डोहात मे महिन्यातही थंडावा असतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांनी ठाऊक असतं. प्रबंधात त्यांचं नाव आभारात एका ओळीत येतं. माझ्या मते ते पहिल्या पानावर यायला हवं.

मासा हातात आला की ओळख. शिंगटी घ्या. मिशांच्या चार जोड्या, अंगावर खवले नाहीत, छातीच्या पराला करवतीसारखा काटा. तो लागला की बोट दोन दिवस ठणकतं. खवल्यांच्या माशांत कुशीवरून जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजतात, परांतले काटे मोजतात, लांबी मोजपट्टीवर घेतात, वजन करतात. पोट उघडून काय खाल्लंय ते पाहतात, अंडाशयातली अंडी मोजतात. किती लांबीला निम्म्या माद्या अंडी धरतात, हे कळलं की जाळ्याचा आस किती मोठा हवा ते सांगता येतं. मासा निदान एकदा तरी विणला पाहिजे, मग तो पकडावा.

या शिंगटीचं शास्त्रीय नाव मिस्टस सींगटी. हे वाचून मराठी माणसाला नवल वाटेल. हे नाव दिलं कर्नल विल्यम सायक्सनं. तो १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठेचे मासे त्यानं पाहिले आणि १८३९ ते १८४१ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. लॅटिन नावं शोधण्याऐवजी त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावंच पुढं लावली. टॉर खुद्री, रिटा गोगरा, लेबिओ बोगट. लेबिओ पोटेल हा मासा तर गावच्या पाटलाचं पद त्या काळी इंग्रज जसं लिहीत, त्याच अक्षरांत लिहिलेला आहे. आणि एक नुक्ता. त्याच्या नाकाडावर खोल खाच असते, म्हणजे हा आपला नकटाच असणार असं मला वाटतं. तो आज जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. आपल्या भाषेतले हे शब्द जगभरच्या संग्रहालयांत बरण्यांवर चिकटवलेले आहेत, आणि आपल्या नद्यांतून त्यांतले काही मासे हळूहळू जात आहेत.

जात आहेत हे ठामपणे म्हणता येतं, ते जुन्या याद्या आहेत म्हणून. पुण्याच्या मुळा-मुठेत १९४० च्या दशकात अभ्यासकांनी मासे नोंदवले, १९६३ मध्ये पुन्हा नोंदवले, आणि २००३ मध्ये वाघ-घाटे आणि खरात-डहाणूकर प्रभृतींनी त्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. तेव्हा कुठं कळलं काय गेलं, काय नवं आलं. पूर्णेसाठी इतकी जुनी यादी हाताशी असती तर! म्हणून आज येलदरीवर होणारी प्रत्येक साधीसुधी यादी पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहे.

जलाशयात आज बाजारात जाणारा मासा बहुतांशी कटला, रोहू, मृगल. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपण आणून सोडलेले. ते साचल्या पाण्यात विणत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना विणायला लावलं, तेव्हापासून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, तयार करून धरणात सोडता येऊ लागली. मच्छीमारांच्या संस्था त्यावरच उभ्या आहेत आणि त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते तिलापियाचं. १९५२ मध्ये हा परका मासा भारतात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, साचलेल्या, तापलेल्या पाण्यातही विणते. मृतसाठा त्याला मानवतो. ज्या देशी माशांना विणण्यासाठी ओढ्यानाल्यांत वर चढावं लागतं, त्यांची वाट मात्र भिंतीनं आणि बंधाऱ्यांनी अडवलेली असते. दुष्काळाचं प्रत्येक वर्ष तिलापियाच्या बाजूनं आणि देशी माशांच्या विरुद्ध जातं.

यावर उपाय आहे का? पूर्व विदर्भात अभ्यासक मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर मच्छीमारांनी जुन्या मालगुजारी तलावांत एक साधी गोष्ट केली. बेशरमाची माजलेली झुडपं उपटली, तळाची माती भुसभुशीत केली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या, त्यांच्या आडोशाला देशी मासे विणू लागले, पाणपक्षी परतले. येलदरी काही गावतलाव नाही. पण त्याच्या वरच्या अंगाच्या उथळ काठांवर, आणि चारठाण्याच्या आसपासच्या पाझर तलावांवर हे करून पाहण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. माणसाचा घसा कोरडा असताना मृतसाठ्यात पंप बसणारच, आणि माशांसाठी तो बंद ठेवा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. अभ्यासकाला विचारायचं ते एवढंच, की किती उपसलं तर उरलेल्या पाण्यात पहाटेचा ऑक्सिजन तीनच्या वर राहील, आणि कुठला डोह शेवटपर्यंत जाळ्यांपासून मोकळा ठेवायचा. या प्रश्नाला मोजून उत्तर देता येतं. दोन उन्हाळे, तीन जागा, एक बाटली आणि पहाटे चारला काठावर जाणारी दोन माणसं एवढं पुरतं.

ते उत्तर मिळालं की तक्त्यात एक रकाना वाढवता येईल. येलदरी, उपयुक्त साठा शून्य. शेजारी, तळाचा ऑक्सिजन, पहाटे पाच वाजता, अमुक मिलिग्रॅम. चारठाण्यात चहा पिता पिता कुणीतरी तो आकडाही वाचेल आणि म्हणेल, "अजून आहेत मासे."